शॉट नसलेला खेळाडू ड्राफ्टमध्ये किती वर घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एनबीए, म्हणजे अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, तिच्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) सातवा क्रमांक हातात आहे. समोर 19 वर्षांचा, सहा फूट सात इंचांचा विंग, म्हणजे बाजूने खेळणारा खेळाडू, आहे. बचाव उत्तम, पासिंग चांगलं, अंगात स्प्रिंग. पण कॉलेजच्या एका हंगामात थ्री पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट) 100 पैकी 29 आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) 66 टक्के. ‘शॉट काय, शिकवता येतो’ असं सगळे म्हणतात. घ्यावा का?

शॉट शिकवता येतो, यात खोटं काही नाही. पण तो किती वर्षांत येतो, त्या वेळी खेळाडू कुणाच्या जर्सीत असतो आणि तोवर त्याला मैदानावर ठेवता येतं का, हे तीन प्रश्न त्या एका वाक्याखाली दडपले जातात. सातव्या क्रमांकाची किंमत ठरते ती या तिन्हींवर.

आधी आकडे. 29 टक्के या आकड्यावर फार वेळ घालवू नका. शितावरून भाताची परीक्षा होते, पण इथे शितं फक्त 100 आहेत. ज्याची खरी क्षमता 35 टक्के आहे असा खेळाडू 100 शॉट घेईल, तर निव्वळ नशिबाने त्याचा आकडा 26 पासून 44 पर्यंत कुठेही पडू शकतो. म्हणजे तुमचा 29 टक्केवाला आणि शेजारचा 38 टक्केवाला यांच्यात खरंच फरक आहे का, हे या आकड्यांवरून ठामपणे सांगता येत नाही. म्हणून कॉलेजची थ्रीची टक्केवारी जशीच्या तशी कधी वापरायची नाही, ती सरासरीकडे ओढून घ्यायची. कामचलाऊ पद्धत अशी: खेळाडूच्या फ्री थ्रोवरून एक अपेक्षित टक्केवारी धरा, तिला 250 शॉट्सचं वजन द्या आणि त्यात प्रत्यक्ष शॉट मिळवा. 66 टक्के फ्री थ्रोवाल्याला मी 31 धरतो. मग 29 अधिक 77.5, भागिले 350, उत्तर साधारण 30.4 टक्के. हाच मुलगा फ्री थ्रो 80 टक्के मारत असता तर अपेक्षा 35 धरली असती आणि उत्तर 33.3 आलं असतं. थ्रीचा आकडा दोघांचा सारखाच, तरी अंदाजात तीन टक्क्यांचं अंतर. 250 आणि 31 हे आकडे काही देवाने दिलेले नाहीत. प्रत्येक संघ आपल्या माहितीवरून ते बसवतो. ओढण्याची दिशा मात्र चुकत नाही.

फ्री थ्रोला एवढा मान का? तिथे डिफेंडर नसतो, अंतर बदलत नाही, घाई नसते. उरतो फक्त हात. भूमितीही पाहा. रिंगचा आतला व्यास 45.7 सेंटिमीटर, चेंडूचा साधारण 24. चेंडू रिंगला न लागता आत पडायचा असेल, तर मध्यापासून डावीउजवीकडे जेमतेम 11 सेंटिमीटरची मुभा आहे. फ्री थ्रोच्या रेषेपासून रिंगचा मध्य सुमारे 4.19 मीटरवर असतो, म्हणजे दिशेतली चूक दीड अंशापर्यंत चालते. एनबीएच्या तीन गुणांच्या रेषेवरून, 7.24 मीटरवरून, तीच मुभा 0.85 अंशावर येते. रिंगवर आपटून आत जाणारे शॉट धरले तर दोन्हीकडे थोडी सूट मिळते, पण प्रमाण तेच राहतं. दीड अंशाच्या खिडकीतून तीनपैकी एक चेंडू बाहेर घालवणारा हात जवळजवळ निम्म्या खिडकीतून काय करेल, याचा अंदाज बांधायला पुस्तकं लागत नाहीत.

रेषेचा मुद्दा जुने आकडे वाचताना विसरला जातो. अमेरिकी कॉलेजात पुरुषांची थ्रीची रेषा 2008-09 पासून 20 फूट 9 इंचांवर होती, एनबीएपेक्षा पूर्ण तीन फूट जवळ. 2019-20 पासून ती आंतरराष्ट्रीय 6.75 मीटरवर गेली. महाराष्ट्रातल्या शालेय किंवा विद्यापीठ स्पर्धांत तुम्ही जी रेषा पाहता ती हीच. तिथून एनबीएच्या रेषेपर्यंत अजून अर्धा मीटर आहे. फक्त कोपऱ्यात एनबीएची रेषा 22 फुटांवर येते, म्हणून कच्च्या शूटरला पहिलं वर्ष कोपऱ्यातच उभं करतात.

हे सगळं एकाच वर्षात पाहायचं तर 2017 चा ड्राफ्ट काढा. पहिल्या क्रमांकावर फिलाडेल्फियाने मार्केल फुल्ट्झ घेतला. वॉशिंग्टन विद्यापीठात त्याचे थ्री 41.3 टक्के होते, फ्री थ्रो 64.9. त्याच्यासाठी फिलाडेल्फियाने बॉस्टनला आपला तिसरा क्रमांक आणि वर भविष्यातली एक पहिल्या फेरीची निवड दिली. बॉस्टनने तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम घेतला. ड्यूक विद्यापीठात त्याचे थ्री फक्त 34.2, पण फ्री थ्रो 84.9. चौथ्या क्रमांकावर फिनिक्सने घेतलेला जॉश जॅक्सन: कॅन्ससला थ्री 90 पैकी 34, म्हणजे 37.8 टक्के, फ्री थ्रो 56.6. पाचव्यावर सॅक्रामेंटोने घेतलेला डिअ‍ॅरन फॉक्स: केंटकीत थ्री 24.6, फ्री थ्रो 73.6. थ्रीच्या रकान्यावर बोट ठेवलं तर जॅक्सन फॉक्सपेक्षा तेरा टक्क्यांनी सरस. एनबीएत पहिल्या हंगामात जॅक्सन 26.3 वर आला आणि दोन हंगामांनंतर फिनिक्सने त्याला मेंफिसला देऊन टाकलं. फॉक्स दुसऱ्या हंगामात 37.1 वर गेला. वर दिलेल्या सूत्रात जॅक्सनचे आकडे घाला, अपेक्षा 29 धरा. उत्तर 31.3 येतं. 37.8 ला भुलायचं कारण उरत नाही. (सॅक्रामेंटो म्हणजे मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या मालकीचा संघ, ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियानाविरुद्ध दोन सामने खेळून गेला तोच.)

फुल्ट्झच्या बाबतीत न्यायाने एक सांगायला हवं. त्याचा शॉट कोसळला त्यामागे खांद्याचं दुखणं होतं. डिसेंबर 2018 मध्ये थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम (मान आणि खांद्यामधल्या नसा दबण्याचा आजार) असल्याचं निदान झालं. सगळं खापर फ्री थ्रोवर फोडू नये. पण 64.9 हा आकडा ड्राफ्टच्या रात्री सगळ्यांसमोर होता आणि 41.3 च्या प्रकाशात तो कुणाला दिसला नाही. त्या ड्राफ्टच्या दोन वर्षं आधी, 2015 मध्ये, जस्टिस विन्सलोच्या बाबतीत हेच घडलं होतं. ड्यूकमध्ये 110 पैकी 46 थ्री, 41.8 टक्के, फ्री थ्रो 64.1. मायामीने दहाव्या क्रमांकावर घेतला, पहिल्या हंगामात थ्री 27.6. तीन क्रमांक खाली, तेराव्यावर, डेव्हिन बुकर होता: केंटकीत थ्री 41.1, फ्री थ्रो 82.8.

आता अपवाद, कारण ते नसल्यासारखं लिहिणं अप्रामाणिक होईल. जेलन ब्राउनचे कॅलिफोर्निया विद्यापीठात थ्री 29.4 आणि फ्री थ्रो 65.4 होते. जवळजवळ तुमच्यासमोरच्या त्या 19 वर्षांच्या मुलाचेच आकडे. 2016 मध्ये बॉस्टनने तिसऱ्या क्रमांकावर घेतला आणि दुसऱ्या हंगामात तो 39.5 टक्क्यांवर होता. उलट बाजूला किलियन हेस. जर्मनीत उल्मकडून खेळताना फ्री थ्रो 85 टक्क्यांच्या वर, म्हणून थ्री 30 च्या आत असूनही 2020 मध्ये डेट्रॉइटने सातव्या क्रमांकावर घेतला. चार हंगामांत त्याने एकदाही 30 टक्के गाठले नाहीत. हेसचा हात वाईट नव्हता. त्याची सवय ड्रिबल करून मागे सरत शॉट घेण्याची, आणि संघाला हवा होता पास घेतल्या घेतल्या मारलेला शॉट. त्यामुळे फ्री थ्रोच्या जोडीला आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: खेळाडू किती थ्री घेतो आणि कोणत्या प्रकारचे घेतो.

घेण्याची तयारी हा स्वतंत्र गुण आहे. बेन सिमन्सने एलएसयू विद्यापीठाच्या अख्ख्या हंगामात तीन थ्री घेतले, एक बसला. फॉक्सने केंटकीत 69 घेतले, बावन्न चुकले, तरी घेत राहिला. मला तीन शॉट घेणाऱ्यापेक्षा बावन्न चुकवणारा केव्हाही चालेल. चुकणारा शॉट दुरुस्त करायला काहीतरी हाताशी असतं. न घेतलेल्या शॉटचं काय दुरुस्त करणार? याच्या जोडीला पेंटच्या, म्हणजे बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनाच्या, आतबाहेर घेतलेले छोटे शॉट पाहा, फ्लोटर (धावता धावता हलकेच उंच सोडलेला), हूक (एका हाताने डोक्यावरून मारलेला), आठ-दहा फुटांवरून बोर्डला लावून मारलेला. तिथे हलका हात दिसला तर आशा धरायला जागा आहे.

फॉर्म शेवटी पाहायचा, आधी नाही. टायरीस हॅलिबर्टनचा शॉट छातीपासून ढकलल्यासारखा दिसतो. आयोवा स्टेटमध्ये दोन्ही वर्षं थ्री 41 च्या वर, दुसऱ्या वर्षी फ्री थ्रो 82.2. हेस सातव्या क्रमांकावर गेला त्याच ड्राफ्टमध्ये हा बाराव्यापर्यंत घसरला. शॉट दिसतो कसा याला फार महत्त्व नाही. प्रत्येक वेळी तोच असतो का, याला आहे. व्हिडिओ बघताना चुकलेले शॉट वेगळे काढा आणि ते कुठे चुकले ते लिहा. पुढे-मागे चुकत असतील, म्हणजे दिशा सरळ पण कधी आखूड कधी लांब, तर दोष बहुधा पायांच्या ताकदीत, कमानीत किंवा थकव्यात असतो, आणि 19 वर्षांच्या मुलात तो सुधारतो. डावी-उजवीकडे चुकत असतील तर कोपर बाहेर जातंय, किंवा आधाराच्या हाताचा अंगठा सुटताना चेंडूला ढकलतोय, किंवा चेंडू डोक्यावर नेताना मध्येच हात अडकतोय. त्या अडकण्याला तिकडे हिच म्हणतात, आणि इथेच घोडं पेंड खातं. हिच म्हणजे पायांनी दिलेला जोर वरच्या टोकाला थांबतो आणि उरलेलं काम मनगट एकटं करतं. रिकाम्या जिममध्ये तरी चेंडू बसतो, कारण वेळ असतो. सामन्यात डिफेंडर धावत आला की ते अर्ध्या सेकंदाचं थांबणं शॉट खाऊन टाकतं.

म्हणून ड्राफ्टच्या आधीच्या वर्कआउटमध्ये शंभरपैकी सत्तर बसले म्हणून हुरळून जाऊ नका. तिथे पासही तोच माणूस देतो, त्याच लयीत, आणि विरोधक कुणी नसतो. मुलाला आधी दहा मिनिटं पळवा, मग पाच जागांवरून पंचवीस-पंचवीस मारायला लावा, पास मुद्दाम कधी गुडघ्याशी कधी कानाशी द्या, समोरून कुणालातरी हात उंचावून धावत यायला सांगा. मग फ्री थ्रो, पण दोन-दोनच आणि मध्ये एक चक्कर मारून. सलग पन्नास फ्री थ्रो सामन्यात कुणी मारत नाही.

समजा शॉट आलाच नाही. मैदानावर नेमकं काय होतं? 2015 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, मेंफिस गोल्डन स्टेटविरुद्ध 2-1 ने पुढे होतं. चौथ्या सामन्यात गोल्डन स्टेटने आपला सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) अँड्र्यू बोगट मेंफिसच्या टोनी अ‍ॅलनवर ‘लावला’. लावला म्हणजे कागदावर. बोगट उभा राहिला बास्केटखाली, आणि अ‍ॅलन तीन गुणांच्या रेषेवर एकटाच. सात फुटी माणूस पेंटमध्ये मोकळा मिळाल्यावर मेंफिसच्या दोन्ही उंच खेळाडूंना आत जागाच राहिली नाही. अ‍ॅलनची मांडीही दुखावली होती हे खरं, पण मालिका 4-2 अशी फिरली ती तिथून. लीगमधला एक सर्वोत्तम बचावपटू प्लेऑफमध्ये बाकावर बसवावा लागला.

तेव्हापासून हे हत्यार प्रत्येकाकडे आहे. एक बारकावा नियमाचा: बचाव करणारा खेळाडू कुणालाही हाताच्या अंतरावर राखत नसेल तर तीन सेकंदांपेक्षा जास्त पेंटमध्ये थांबू शकत नाही, थांबला तर एक टेक्निकल फ्री थ्रो. म्हणून शॉट नसलेल्याला कोपऱ्यात ठेवलं तर त्याच्या डिफेंडरला आतबाहेर पाय काढत राहावं लागतं. त्यालाच बास्केटच्या बाजूला, बेसलाइनवर, म्हणजे डंकर स्पॉटमध्ये उभं केलं तर त्याचा डिफेंडर कायदेशीरपणेच आत उभा राहतो आणि ड्राइव्हची, म्हणजे चेंडू घेऊन बास्केटकडे घुसण्याची, वाट बुजते. दोन्हीकडे नुकसान आहे. कोपऱ्यात निदान हिशोब दिसतो: 28 टक्के शॉट म्हणजे प्रति प्रयत्न 0.84 गुण, आणि लीगमधला संघ सरासरी एका ताब्यात (चेंडू हाती आल्यापासून जाईपर्यंत) 1.14 च्या आसपास काढतो. तो शॉट प्रतिस्पर्धी तुम्हाला आनंदाने देतो.

फ्री थ्रोचा हिशोब वेगळा. दोन फ्री थ्रोंतून 1.14 गुण काढायला 57 टक्के पुरतात. त्याच्या खाली असलेल्याला मुद्दाम फाउल करणं विरोधकाला परवडतं. 2017 च्या प्लेऑफमध्ये ह्यूस्टनने आंद्रे रॉबर्सनला असंच गाठलं. मालिकेत 21 पैकी तीन बसले. चेंडूपासून दूर असलेल्याला मुद्दाम फाउल केलं तर प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत आता एक फ्री थ्रो आणि वर चेंडूही मिळतो. त्यामुळे त्या दोन मिनिटांत धोका उरतो तो चेंडू हातात असलेल्याला. तुमचा मुलगा 66 वर आहे. त्याला फाउल करून कुणाला फायदा नाही, एवढी जमेची बाजू.

पण फ्री थ्रोची भीती आकड्यांपेक्षा खोल जाते. 2021 च्या प्लेऑफमध्ये सिमन्सने 73 पैकी 25 फ्री थ्रो मारले. अटलांटाविरुद्ध सातव्या सामन्याच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये तो बास्केटखाली पोचला होता, जवळ होता फक्त बुटका ट्रे यंग, आणि त्याने डंक न मारता पास दिला. शॉट नसला की रेषेवर जायची भीती बसते, भीती बसली की ड्राइव्ह थांबते, आणि ज्या गुणांसाठी त्याला निवडलं होतं ते गुणही निकामी होतात. ड्राफ्टच्या रात्री ‘शॉट सोडून बाकी सगळं आहे’ म्हणतात, तेव्हा बाकी सगळं शॉटच्या आधारावर उभं आहे हे कुणी बोलत नाही.

जागेनुसार जोखीम बदलते. सेंटरला शॉट नसला तर फारसं बिघडत नाही. तो स्क्रीन लावतो (सहकाऱ्याच्या डिफेंडरची वाट अडवतो), रिंगकडे पळतो, लॉब (रिंगजवळ उंच टाकलेला पास) घेतो, आणि त्याचा डिफेंडर तसाही आतच असतो. चेंडू हातात ठेवणाऱ्या गार्डला शॉट नसेल तर विरोधक स्क्रीनच्या खालून निघून जातात आणि पिक अँड रोलचा, म्हणजे स्क्रीन लावून रिंगकडे पळण्याच्या चालीचा, दमच निघतो; तरी फॉक्ससारखा वेग असेल तर काही काळ निभावतं. सर्वांत महाग पडतो तो विंग. त्याच्या हातात चेंडू नसतो, तो रिंगकडे पळणारा रोलरही नाही, आणि त्याचं मुख्य काम म्हणजे मोकळं उभं राहून आलेला पास बास्केटमध्ये घालणं. तुमचा मुलगा नेमका इथे बसतो.

त्याला वाचवणारे मार्ग आहेत, फक्त ते संघाच्या रचनेत असावे लागतात. आरन गॉर्डनचं उदाहरण घ्या. अ‍ॅरिझोना विद्यापीठात फ्री थ्रो 42.2 टक्के, 2014 मध्ये ऑरलँडोने चौथ्या क्रमांकावर घेतला आणि विंगसारखा खेळवत राहिले. डेन्वरला निकोला योकिचसारखा थ्री मारणारा आणि पास देणारा सेंटर शेजारी मिळाला, तेव्हा गॉर्डन बास्केटच्या बाजूला सरकला, कट करू लागला आणि 2023 मध्ये विजेतेपदाच्या संघाचा कणा झाला. थ्रीचं म्हणाल तर 2024-25 मध्ये, अकराव्या हंगामात, त्याने 43.6 टक्के मारले. मिलवॉकीने यानिस आंतेतोकुम्पोच्या शेजारी ब्रूक लोपेझ आणून ठेवला. 2018-19 मध्ये त्या सात फुटी सेंटरने 187 थ्री घातले. शॉट नसलेला एक खेळाडू पचवायचा असेल तर सेंटर शूटर लागतो. शॉट नसलेले दोघं एकत्र असतील तर योकिच किंवा यानिसच्या तोडीचा कुणीतरी लागतो, आणि तो सातव्या क्रमांकासोबत फुकट मिळत नाही.

आता वेळेचा मुद्दा, ज्यावर संघ सर्वांत जास्त फसतात. पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या करारात दोन वर्षं पक्की असतात. तिसरं आणि चौथं वर्ष संघाच्या मर्जीवर. तिसऱ्या वर्षाचा निर्णय पहिला हंगाम संपल्यावर येणाऱ्या 31 ऑक्टोबरपर्यंत, चौथ्याचा त्याच्या पुढच्या 31 ऑक्टोबरपर्यंत. तिसऱ्या हंगामानंतर मोठ्या कराराची बोलणी. म्हणजे शॉटबद्दलचा पहिला करारी निर्णय तुम्ही एका हंगामावर घेता, आणि नवोदिताने त्यात 120 थ्री घेतले असतील तर चार-पाच टक्क्यांची चूक आकड्यातच बसलेली असते. सातव्या क्रमांकाचा पर्याय सहसा कुणी सोडत नाही, ते ठीक. खरी अडचण तिसऱ्या हंगामानंतरची. फिलाडेल्फियाने सिमन्सला पाच वर्षांचा, सुमारे 17 कोटी डॉलरचा करार जुलै 2019 मध्ये दिला. एनबीएतला त्याचा पहिला थ्री बसला 20 नोव्हेंबर 2019 ला.

आणि शॉट आला तरी तो कुठे येतो पाहा. लॉन्झो बॉल: 2017 मध्ये लेकर्सचा दुसरा क्रमांक, पहिल्या हंगामात थ्री 30.5 आणि फ्री थ्रो 45.1. फॉर्म बदलून 37 च्या वर गेला तो न्यू ऑर्लिन्समध्ये. जॉश गिडी: 2021 मध्ये ओक्लाहोमा सिटीचा सहावा क्रमांक, पहिल्या हंगामात 26.3. 2024 च्या प्लेऑफमध्ये डॅलसने त्याला मोकळा सोडला, मालिकेच्या शेवटी त्याची पहिल्या पाचांतली जागा गेली, आणि उन्हाळ्यात अ‍ॅलेक्स करूसोच्या बदल्यात तो शिकागोला रवाना झाला. तिथे त्याने 37.8 टक्के मारले. वरातीमागून घोडं. शॉट चौथ्या-पाचव्या वर्षी येणं ही सामान्य गोष्ट आहे, आणि तोवर पहिला संघ बहुधा थकलेला असतो. ओक्लाहोमाचं मात्र कौतुक करावं लागेल. किंमत शिल्लक असताना त्यांनी गिडी दिला आणि पुढच्याच वर्षी करूसोसकट अजिंक्यपद नेलं.

यावर दरवेळी एकच उत्तर ऐकू येतं: क्वाय लेनर्ड. सॅन डिएगो स्टेटमध्ये दोन वर्षं थ्री 20.5 आणि 29.1, एनबीएत पहिल्याच हंगामात 37.6. उदाहरण खरं आहे, पण पुढचं वाचा. त्याचे फ्री थ्रो 72.6 आणि 75.9 होते. तो 2011 मध्ये पंधराव्या क्रमांकावर गेला, पहिल्यावर नाही. सॅन अँटोनियोत चिप एंगेलँडसारखा शॉटचा जाणता प्रशिक्षक होता आणि डंकन, पार्कर, जिनोबिली चेंडू सांभाळायला. लेनर्डला कोपऱ्यात उभं राहून मोकळे शॉट घ्यायचे होते. पुढच्याच वर्षी मायकल किड-गिलख्रिस्ट दुसऱ्या क्रमांकावर शार्लटला गेला. संघ आदल्या हंगामात 66 पैकी सात सामने जिंकलेला, शूटर नाहीत, मोकळे शॉट नाहीत. शॉटमध्ये हिच इतकी ठळक की 2013 मध्ये मार्क प्राइससारखा एके काळचा अव्वल शूटर प्रशिक्षक म्हणून आणला. फॉर्म सुधारला, थ्री आला नाही. तिसऱ्या क्रमांकावर ब्रॅडली बील होता आणि सहाव्यावर डेमियन लिलर्ड. तुमचा मुलगा लेनर्ड होईल असं म्हणणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: त्याचे फ्री थ्रो किती, आपल्याकडे मोकळे शॉट काढून देणारं कोण आहे, आणि आपण पंधरावा क्रमांक देतोय की सातवा?

तरीही घेतलाच, तर काम असं लावा. एकच शॉट-प्रशिक्षक ठेवा. उन्हाळ्यात एजंटचा माणूस एक सांगतो आणि ऑक्टोबरमध्ये संघाचा माणूस दुसरं; यात खेळाडूचे दोन्ही शॉट जातात. मोठा बदल, म्हणजे कोपर, हातातली पकड, चेंडू सोडण्याची उंची, फक्त हंगामानंतर करायचा, आणि एका उन्हाळ्यात एकच. हंगाम चालू असताना फॉर्मला हात लावायचा नाही. तिथे फक्त शॉटची निवड. पहिल्या वर्षी थ्री शक्यतो कोपऱ्यातूनच, पास घेऊन थेट, ड्रिबलनंतर नाही. मोकळा शॉट नाकारला तर बाकावर, चुकला तर काही नाही, हे पहिल्या दिवशी सांगून टाका आणि पाळा. फॉर्म बदलल्यावर पहिले काही महिने फ्री थ्रो खाली जातील. घाबरून जुना हात परत आणलात तर वर्ष वाया. पण बदलानंतर दुसऱ्या हंगामातही ते खालीच राहिले तर बदल बसला नाही, असं समजा. पहिल्या 31 ऑक्टोबरला थ्रीची टक्केवारी बघून काही कळणार नाही. 36 मिनिटांमागे किती थ्री घेतले, फ्री थ्रो 66 वरून 70 च्या वर सरकले का, आणि चुकलेले शॉट डावे-उजवे सोडून पुढे-मागे व्हायला लागले का, हे तीन रकाने भरा.

सातव्या क्रमांकावर मी हा मुलगा घेणार नाही. खाली सरकायचा सौदा शोधेन. बारा ते अठरामध्ये तो मिळाला आणि वर एखादी निवड हाती लागली, तर घेईन. अपवाद दोनच. तुमच्याकडे आधीच थ्री मारणारा सेंटर पाच वर्षांच्या करारावर आहे, किंवा वर्कआउटमध्ये त्याच्या फ्री थ्रोचं कारण सापडलं, दुखरं मनगट किंवा हंगामाच्या मध्यावर बदललेला फॉर्म, आणि हंगामाच्या शेवटच्या पन्नास-साठ फ्री थ्रोमध्ये तो सुधारलेला दिसतोय. सौदा जमला नाही, आणि यादीत त्याच दर्जाच्या जवळपास 80 टक्क्यांवर फ्री थ्रो मारणारा, शॉट कसाही दिसणारा गार्ड असेल, तर त्याचं नाव लिहून चिठ्ठी पाठवा.